रेडिओवरची घरघर आणि तिच्यामागचे दोन आकडे

१४ मेगाहर्ट्झच्या आसपास, हौशी रेडिओचालकांच्या पट्ट्यात, दोघांचं मोर्समध्ये बोलणं चाललेलं असतं. मध्येच एक जाड, कोरडी घरघर त्यांच्यावर येऊन बसते. डायल थोडी वर न्या, ती आहेच. खाली आणा, तरी आहेच. दहा-पंधरा किलोहर्ट्झ ओलांडले की मात्र कड्यावरून पाय सुटावा तशी एकदम संपते. मिनिटाभराने ती जागा मोकळी होते आणि तीच घरघर आणखी वर कुठेतरी ठाण मांडून बसलेली सापडते.

पहिल्यांदा हा आवाज ऐकला तेव्हा मी घरातले दिवे, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर एकेक करून बंद केले. शेवटी मेन स्विच खाली ओढला. बॅटरीवरच्या रेडिओत घरघर तशीच चालू होती. म्हणजे ती घरातली नव्हती, बाहेरून आणि फार लांबून येत होती. ते क्षितिजापलीकडे पाहणारं रडार होतं. शॉर्टवेव्ह ऐकणारे त्याला 'ओव्हर द होरायझन' या नावावरून ओटीएच म्हणतात.

असा आवाज आला की पहिला प्रश्न असतो, कोणत्या देशाचं? मला हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावासा वाटतो. रडार कुणाचं आहे हे लपवता येतं, पण सेकंदाला किती वेळा ठोका देतंय आणि किती रुंद जागा व्यापतंय या दोन गोष्टी त्याला लपवता येत नाहीत. आणि त्या दोन आकड्यांतच ते किती दूर बघायला बसवलंय आणि किती बारकाईने बघू शकतं, हे लिहिलेलं असतं. आपल्याला फक्त ते वाचता आलं पाहिजे.

विमानतळावरचं नेहमीचं रडार सरळ रेषेत बघतं. पृथ्वी गोल असल्यामुळे दहा किलोमीटर उंचीवरचं विमानही त्याला साधारण ४०० किलोमीटरपलीकडे दिसत नाही. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरींचं तसं नाही. त्या वर जाऊन आयनांबराला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, लागतात, तिथून वळतात आणि हजार ते तीन हजार किलोमीटरवर जमिनीला किंवा समुद्राला येऊन भिडतात. तिथे एखादं जहाज किंवा विमान असेल, तर त्याच्यावर आपटून अगदी क्षीण झालेला प्रतिध्वनी आल्या वाटेने परत फिरतो. लघुलहरींवर हजारो मैलांवरचं रेडिओ केंद्र ऐकू येतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने हे रडार चालतं. फक्त इथे वाट दोनदा कापायची असते, म्हणून ताकद प्रचंड लागते. आणि म्हणूनच ते आपल्या कानावर येऊन आदळतं.

आता घरघर का, ते पाहू. अंतर मोजायचं तर सोडलेल्या लहरीवर वेळेची काहीतरी खूण हवी. बहुतेक आधुनिक ओटीएच रडारं त्यासाठी आपली फ्रिक्वेन्सी सतत सरकवत नेतात. खालून सुरू करून एका वेगाने वर जातात, टोकाला पोचले की पुन्हा खाली उडी, पुन्हा वर. या एका फेरीला स्वीप म्हणतात. समजा एक स्वीप २० मिलिसेकंदांत १० किलोहर्ट्झ चढतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला अर्धा किलोहर्ट्झ. १,५०० किलोमीटरवरच्या जहाजापर्यंत जाऊन यायला लहरीला १० मिलिसेकंद लागतात. ती परत येते तेव्हा प्रक्षेपक ५ किलोहर्ट्झ पुढे निघून गेलेला असतो. तो फरक मोजला की अंतर मिळालं. वेळ मोजायचं अवघड काम फ्रिक्वेन्सी मोजण्याच्या सोप्या कामात बदलून टाकायची ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते.

आपल्या रिसीव्हरची खिडकी मात्र अरुंद असते, एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँड या बोलण्याच्या पद्धतीत जेमतेम अडीच किलोहर्ट्झ. रडार तिच्यासमोरून दोन-पाच मिलिसेकंदांत सर्रकन निघून जातं आणि आपल्याला एक 'टिक्' ऐकू येतं. असे सेकंदाला पन्नास टिक् एकापाठोपाठ आले की कान ते वेगळे करू शकत नाही, त्यांची घरघर होते.

पहिला आकडा हाच, सेकंदाला किती स्वीप. प्रतिध्वनी पुढचा स्वीप सुरू व्हायच्या आत परत आला तर बरं, नाहीतर तो कोणत्या स्वीपचा हे कळेनासं होतं. ५० स्वीप म्हणजे एकेक २० मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात लहर ६,००० किलोमीटर जाते, जाऊन-येऊन धरलं तर ३,००० किलोमीटर. २५ स्वीप असतील तर ६,००० किलोमीटर. दीड लाखाला स्वीपच्या आकड्याने भागलं की किलोमीटरमधलं उत्तर मिळतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. गणिती युक्त्यांनी ही मर्यादा काही वेळा ओलांडता येते, पण पहिला अंदाज बांधायला हा हिशेब भक्कम आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सोव्हिएत संघाच्या 'दुगा' रडारचं. १९७६ च्या जुलैत जगभरच्या लघुलहरींवर एक ठोका सुरू झाला, सेकंदाला दहा वेळा, टक्-टक्-टक्-टक्. ऐकणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'रशियन सुतारपक्षी'. त्याचा स्वीप नव्हता, सांकेतिक स्पंदनं होती, पण हिशेब तोच. दहा ठोके म्हणजे १५,००० किलोमीटरची मोकळीक. अमेरिकेतल्या क्षेपणास्त्रांच्या तळांवरून काही उडालं तर ते युक्रेनमधून कळावं, हा त्या रडारचा हेतू होता आणि ते तळ होते आठ-नऊ हजार किलोमीटरवर. ५० ठोक्यांत हे साधलंच नसतं. त्याचा दीडशे मीटर उंचीचा ग्रहण अँटेना चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राजवळच्या जंगलात आजही उभा आहे. प्रक्षेपक तिथून साधारण ६० किलोमीटरवर, ल्युबेचजवळ होता. त्याचा उपद्रव इतका वाढला की रेडिओ बनवणाऱ्यांनी रिसीव्हरमध्ये खास सुतारपक्ष्याला दाबणारे नॉइज ब्लँकर बसवले. १९८९ च्या अखेरीस तो गप्प झाला.

मग सगळे कमी ठोक्यांचंच रडार का बनवत नाहीत? कारण नुसतं अंतर कळून भागत नाही, वेग कळावा लागतो. समुद्राच्या आणि जमिनीच्या अवाढव्य प्रतिध्वनीत विमानाचा कण शोधायचा तर तो हलतोय हीच त्याची एकमेव ओळख असते. १५ मेगाहर्ट्झवर, ताशी ९०० किलोमीटरने सरळ रडारच्या दिशेने येणारं विमान प्रतिध्वनीची फ्रिक्वेन्सी २५ हर्ट्झने बदलतं. प्रत्येक स्वीप म्हणजे त्या हालचालीचा एक फोटो. चित्रपटात गाडीचं चाक कधीकधी उलटं फिरताना दिसतं, कारण चाकाच्या वेगाच्या मानाने फोटो कमी पडतात. इथेही तेच. सेकंदाला ५० फोटो असतील तर २५ हर्ट्झपर्यंतचा फरक बिनचूक कळतो, दहाच असतील तर फक्त ५ हर्ट्झपर्यंत. म्हणजे दूर बघायचं तर ठोके कमी हवेत आणि वेगवान विमान पकडायचं तर जास्त. या ओढाताणीत विमानांवर नजर ठेवणारी रडारं पन्नासच्या आसपास येऊन थांबतात. आपल्या कानावर ५० ची घरघर इतक्या वेळा का पडते, त्याचं उत्तर इथे आहे.

दुसरा आकडा रुंदीचा, म्हणजे एका स्वीपमध्ये रडार किती किलोहर्ट्झ चढतं. जितकी जागा रुंद, तितका तपशील बारीक. १० किलोहर्ट्झ रुंदीच्या रडारला एकमेकांपासून १५ किलोमीटरपेक्षा जवळ असलेली दोन जहाजं वेगळी दिसत नाहीत. २० किलोहर्ट्झला ही मर्यादा साडेसात किलोमीटरवर येते, १०० किलोहर्ट्झला दीड किलोमीटरवर. मग सगळे शंभरच का घेत नाहीत? लघुलहरींवर सलग शंभर किलोहर्ट्झ मोकळी जागा मिळतेच कुठे! शिवाय आयनांबर फार रुंद सिग्नल तसाच्या तसा परतवत नाही, विस्कटून टाकतं.

हे आकडे मोजायचे कसे? संगणकाला जोडलेला साधा एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा, रिसीव्हर असेल तर काम निम्मं होतं. त्याच्या वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी आडवी आणि वेळ उभी दाखवणाऱ्या सरकत्या चित्रात, ओटीएच रडार एका सपाट, काटकोनी पट्ट्यासारखं दिसतं, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. रुंदी त्या कडांमधून थेट वाचा. ठोके मोजायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे ऑडिओ रेकॉर्ड करून ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये ताणून बघणं. दोन टिकांमध्ये २० मिलिसेकंद असतील तर ५०, पंधरा असतील तर ६६.६६, तेवीस असतील तर जवळपास ४३.५. एकच अंतर मोजू नका, शंभर टिकांचं मोजा आणि भागा, चूक खूप कमी होते. दुसरी वाट मला जास्त आवडते. एसडीआरचं स्पेक्ट्रम पुरेसं बारीक केलं, म्हणजे एफएफटी (सिग्नलचा तुकडा घेऊन त्यातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) लांब घेतला, की तो सपाट पट्टा फुटतो आणि कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या रेषा दिसू लागतात. दोन दातांमधलं अंतर म्हणजेच सेकंदाचे स्वीप. एक किलोहर्ट्झमध्ये वीस दात मोजले तर ५०.

उलट, एफएफटी आखूड केला की स्वीपच्या तिरक्या रेषा दिसतात आणि तो चढतोय की उतरतोय ते कळतं. हे पाहताना रिसीव्हर यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँडवरच ठेवा. एलएसबी म्हणजे लोअर साइडबँडमध्ये सगळं उलटं होतं, चढणारा स्वीप उतरताना ऐकू येतो. या एका कारणाने चुकलेल्या नोंदी मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दोन्ही आकडे हातात आले की मग ओळखीचे चेहरे शोधायला हरकत नाही. ५० स्वीप आणि साधारण १२ ते १४ किलोहर्ट्झ रुंदी असेल, तर ते बहुधा रशियाचं 'कंटेनर' रडार, ज्याचं अधिकृत नाव २९बी६. प्रक्षेपक निझनी नोवगोरोद प्रांतात गोरोदेत्सजवळ, ग्रहण केंद्र मोर्दोवियात कोविल्किनोजवळ. १ डिसेंबर २०१९ ला ते कामावर रुजू झालं आणि त्याचा पल्ला जवळपास ३,००० किलोमीटर सांगितला जातो. दीड लाख भागिले पन्नास आठवतंय ना? तोच आकडा. ५० किंवा २५ स्वीप आणि २० किलोहर्ट्झ रुंदी असेल तर सायप्रसमधल्या ब्रिटिश तळावरचं रडार असण्याची शक्यता मोठी. ऐकणाऱ्यांमध्ये ते 'प्लुटो' नावाने ओळखलं जातं. चिनी रडारं अनेकदा १० किलोहर्ट्झ रुंद असतात, स्वीप ४३.५ किंवा ६६.६६, आणि त्यांची खरी खूण अशी की ती सलग बोलत नाहीत. काही सेकंद भोंगा वाजल्यासारखा तुकडा, मग उडी, मग दुसरीकडे तसाच तुकडा. २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात इराणची म्हणून नोंदवली जाणारी रडारं सेकंदाला काही शे स्वीप देतात. तिथे घरघर उरतच नाही, एक स्पष्ट सूर ऐकू येतो.

सगळीच रडारं इतकी ओळखू येत नाहीत. ऑस्ट्रेलियाचं 'जॉर्न' हे लाँगरीच, लॅव्हर्टन आणि ॲलिस स्प्रिंग्ज इथल्या तीन रडारांचं जाळं आहे. अमेरिकेचं 'रोथर' व्हर्जिनिया, टेक्सास आणि प्वेर्तो रिकोमधून कॅरिबियन समुद्रावर लक्ष ठेवतं, मुख्यतः अमली पदार्थांच्या वाहतुकीसाठी. ही यंत्रणा गरजेप्रमाणे स्वीपचा वेग आणि रुंदी बदलत राहते. मुळात कोणतंही रडार उद्या आपले आकडे बदलू शकतं. आकड्यांवरून रडारचं काम नक्की कळतं, मालक फक्त संभवतो.

एक जमात अशी आहे की तिला लष्करी समजून लोक उगाच घाबरतात. सेकंदाला एक-दोनच स्वीप, संथ, घड्याळासारखे, दिवसरात्र एकाच जागी. ही समुद्राचे प्रवाह मोजणारी किनाऱ्यावरची रडारं असतात आणि कोडार या एका उत्पादकाच्या नावानेच त्यांना ओळखलं जातं. यांचे ठोके इतके कमी का, हेही त्याच हिशेबात बसतं. १९५५ मध्ये न्यूझीलंडच्या क्रॉम्बी यांनी १३.५६ मेगाहर्ट्झवर समुद्राचे प्रतिध्वनी तपासले, तेव्हा जेमतेम ०.३८ हर्ट्झचा ठरलेला फरक सापडला. रेडिओलहरीच्या बरोबर निम्म्या लांबीच्या, म्हणजे ११ मीटरच्या, समुद्रलाटा तो घडवत होत्या. प्रवाह असेल तर त्या आकड्यात आणखी किंचित बदल होतो. एवढ्या संथ गोष्टीचे फोटो सेकंदाला दोन पुरतात. २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत या रडारांना स्वतःचे पट्टे मिळाले, त्यातला एक १३.४५ ते १३.५५ मेगाहर्ट्झचा आहे. सोबत एक अट आली की निदान दर वीस मिनिटांनी आपलं नाव मोर्समध्ये सांगायचं. सगळ्या रडारांत हेच तेवढं स्वतःची ओळख देतं, म्हणून जरा थांबून ऐका.

आता फसवणाऱ्या आवाजांबद्दल. खराब वीजतार किंवा स्वस्त चार्जरही ५०, ६० किंवा त्याच्या दुपटीने घरघरतो. पण त्याला धारदार कडा नसतात, तो मेगाहर्ट्झच्या मेगाहर्ट्झ पसरतो. शिवाय विजेची फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे किंचित वरखाली होत राहते. रडारची अचूक घड्याळाला बांधलेली असते. दहा मिनिटं मोजून आकडा तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत हलला नाही, तर तो विजेचा नाही. डिजिटल रेडिओचं डीआरएम प्रक्षेपण रडारसारखंच दहा किलोहर्ट्झ रुंद आणि सपाट दिसतं, पण ऐकायला नुसता फुसफुसाट असतो, ठोका नसतो. एकदाच 'टिच्' करून निघून जाणारा आवाज आयनोसोंडचा. आयनांबर तपासण्यासाठी तो सगळ्या लघुलहरी पट्ट्यावरून, अनेकदा सेकंदाला १०० किलोहर्ट्झच्या वेगाने, झरकन जातो. आणि ४६२५ किलोहर्ट्झवरचा प्रसिद्ध रशियन 'बझर' हे रडारच नाही.

उगम शोधताना बहुतेकांची एक चूक होते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेब-रिसीव्हर किंवा जगभर विखुरलेले, इंटरनेटवरून ऐकता येणारे किवी-एसडीआर रिसीव्हर उघडून लोक पाहतात की आवाज सर्वांत जोरात कुठे येतो, आणि रडार तिथेच असल्याचं ठरवतात. खरं तर अशा ठिकाणी ते नसण्याचीच शक्यता जास्त. रडारचा झोत वर जाऊन हजार किलोमीटरपलीकडे उतरतो, मधला पट्टा तो ओलांडून जातो. शेजारच्या देशातला रिसीव्हर जवळजवळ मुका असू शकतो. जिथे आवाज सर्वांत मोठा आहे, तिथे रडार बघतंय. ही माहितीही मोलाचीच आहे, फक्त प्रश्न वेगळा आहे.

खऱ्या जागेसाठी किवी-एसडीआरवर जीपीएसच्या वेळेशी जुळवलेली पद्धत वापरतात. एकच सिग्नल तीन-चार ठिकाणी किती मिलिसेकंदांच्या फरकाने पोचला ते मोजायचं, दर मिलिसेकंदाला ३०० किलोमीटर धरायचे आणि नकाशावर रेषा काढायच्या. अडचण एवढीच की ५० स्वीपचं रडार दर २० मिलिसेकंदांनी अगदी तसंच दिसतं, त्यामुळे ६,००० किलोमीटरची गल्लत होऊ शकते. रडार सुरू होतानाचा किंवा उडी मारतानाचा क्षण पकडला तर ती टळते. सोबत सूर्याकडेही लक्ष ठेवा. ही रडारं दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सीवर चढतात आणि रात्री खाली उतरतात, तीही ऐकणाऱ्याच्या दिवस-रात्रीप्रमाणे नाही, झोत जिथे आयनांबराला लागतो तिथल्या दिवस-रात्रीप्रमाणे. तुमच्याकडे अंधार असताना २० मेगाहर्ट्झवर रडार जोरात चालू असेल, तर ते उजेडाच्या दिशेने बघतंय.

१४.००० ते १४.२५० मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर हौशी रेडिओचालकांसाठी राखीव आहे, तिथे रडारला जागा नाही. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची निरीक्षण यंत्रणा अशा घुसखोरीच्या नोंदी गोळा करते आणि त्या नोंदींच्या आधारे देशोदेशीच्या रेडिओ प्रशासनांकडे तक्रारी जातात. तिथे 'रशियन रडार होतं' या वाक्याचा उपयोग नसतो. माझ्या वहीत रकाने असे आहेत: यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, खालची कड, वरची कड, सेकंदाचे स्वीप दोन दशांशांपर्यंत, चढता की उतरता, सलग की तुकड्यांत, आणि कोणत्या ठिकाणच्या रिसीव्हरवर ऐकलं. देशाचा रकाना सर्वांत उजवीकडे आहे. तो मी पेन्सिलीने भरते, आणि बऱ्याच ओळींत तो अजून रिकामा आहे.